पट्टीखालचा आकडा

सर,

कॉलेजच्या अंकासाठी तुमच्यावर दोन पानं लिहून द्या, असं प्राचार्यांनी मला सांगितलं आहे. फोटो वेगळा द्यायचा, शब्दमर्यादा पाळायची. ते मी लिहीन. त्यात तुमची नोकरीची वर्षं येतील, तुम्ही उभी केलेली जीवशास्त्राची प्रयोगशाळा येईल, देवळ्याच्या शेतकऱ्याचा मुलगा इथवर कसा आला तेही येईल. हे जे आत्ता लिहिते आहे ते त्यात जाणार नाही. हे भांडण आहे. समोर बसून भांडायची सोय तुम्ही ठेवली नाहीत, म्हणून कागदावर.

शोकसभेत एक जण म्हणाले, "सर गेलेले नाहीत, पेशीसारखे विभागून आपल्या सगळ्यांमध्ये आले आहेत." टाळ्या पडायच्याच काय त्या राहिल्या. मी तिसऱ्या रांगेत होते. मनात म्हटलं, हे वाक्य उत्तरपत्रिकेत आलं असतं तर सरांनी भोपळा दिला असता आणि समासात लिहिलं असतं, 'कोणत्या प्रकारचे विभाजन? आकृती कुठे आहे?' मला हसू आलं. हसू आलं म्हणून तुमचा राग आला. गेले बारा दिवस माझं हे असंच चाललं आहे.

कांद्याची गोष्ट तुम्हाला पाठ आहे, तरी सांगते. मी नुकतीच तुमच्या हाताखाली प्रयोगशाळा सहायक म्हणून लागले होते. त्याआधी तीन वर्षं तुमची विद्यार्थिनी म्हणून बोलणी खाऊन झाली होती. बारावीच्या मुलांना कांद्याच्या मुळाच्या टोकात पेशीच्या दोन पेशी होताना दाखवायचं होतं. कांदा बाटलीच्या तोंडावर ठेवायचा, बूड पाण्याला टेकलं पाहिजे, तीन-चार दिवसांत पांढरी मुळं फुटतात. मी मोठ्या हौसेने गंगापूर रोडवरच्या मॉलमधून जाळीतले कांदे आणले. एका मापाचे, गुलाबी, बघत राहावं असे. चाळीस बाटल्या ओळीने मांडल्या. चौथा दिवस उजाडला तरी एकाही कांद्याला मुळाचा ठिपका नाही. दुसऱ्या दिवशी प्रात्यक्षिक. मी रडकुंडीला आले होते.

तुम्ही एक कांदा उचलून त्याच्या बुडावरून अंगठा फिरवलात. "सुवर्णा, याला किरण दिलेत. मोड येऊ नयेत, बोटीने लांब जावा म्हणून. दिसायला बघ कसा राजबिंडा शे. पण आतली पेशी दोन व्हायचं विसरली." मग चष्म्यावरून माझ्याकडे बघून म्हणालात, "नाशकात राहून कांदा मॉलमधून आणतेस होय?" त्याच दुपारी एस.टी.ने देवळ्याला गेलात आणि भावाच्या साठवणीतलं अर्धं पोतं घेऊन आलात. प्रात्यक्षिक आठवडाभर पुढे ढकललंत आणि चूक स्वतःच्या नावावर घेतलीत. तुम्ही आनंदात असलात की तुमच्या बोलण्यात तो अहिराणीतला 'शे' यायचा. त्या दिवशी माझ्या फजितीत तुम्हाला आनंद कसला झाला होता, ते मला कधी कळलं नाही. तुमच्यामुळे माझी नोकरी टिकली, एवढं कळलं.

पुढे मी शिकवायला लागले आणि आपला वाद सुरू झाला. मी वर्गात सांगितलं, मातृपेशी संपते आणि तिच्यापासून दोन कन्यापेशी तयार होतात. तुम्ही मागच्या बाकावर येऊन बसला होतात, मला दडपण यावं म्हणूनच. तास संपल्यावर गाठलंत.

"संपते म्हणजे मरते का?"

"हो ना सर. ती उरत नाही."

"मेली असेल तर प्रेत दाखव."

"मग जिवंत असेल तर ती दाखवा."

यावर नऊ वर्षं आपण चहा प्यालो. तुम्ही निवृत्त झालात, तरी दर शनिवारी प्रयोगशाळेत येऊन तोच वाद उकरून काढायचात. दोघांनाही माहीत होतं की उत्तर नाही. एकदा तुम्ही म्हणालात, बघू, एक दिवस लावू निकाल. बारा दिवसांपूर्वी मी देवळ्याला आले होते, सर. ओट्यावर तुम्हाला ठेवलं होतं. दाखवलंत प्रेत.

आता मोजणीचं. हे मी जरा नीट लिहिते, कारण सगळं भांडण याच्यावरच आहे. मुळाचं टोक काचेवर दाबून पसरलं की सूक्ष्मदर्शकाखाली शेकडो पेशी दिसतात. त्यातल्या काही त्या घडीला दोन होत असतात. दहा ठिकाणी काच सरकवून, म्हणजे आपल्या भाषेत दहा फिल्ड बघून, अशा पेशी मोजायच्या. पण एकाच माणसाच्या मोजणीवर तुमचा विश्वास नव्हता. पहिल्याने मोजून आकडा रजिस्टरच्या पहिल्या रकान्यात लिहायचा आणि त्यावर कागदाची पट्टी चिकटवायची. दुसऱ्याने तो आकडा न बघता मोजायचं. स्लाइड कोणाची, कोणत्या मुळाची, औषध दिलेल्या कांद्याची की साध्या, हे त्याने विचारायचं नाही. "माहीत झालं की डोळा खोटं बोलतो," असं तुम्ही म्हणायचात. मग पट्टी दोघांच्या समोर काढायची. फरक पाचच्या वर गेला तर तिसऱ्या माणसाने मोजायचं. तिन्हींपैकी जवळचे दोन आकडे धरायचे, लांबचा बाद. सगळ्या कॉलेजात याला आंधळी मोजणी म्हणायचे आणि हसायचे. एका वर्षी मी सहा-सात स्लाइडींची तिसरी मोजणी टाळली, म्हटलं कोण बघतंय. तुम्ही सगळ्या साठ स्लाइडी पुन्हा मोजायला लावल्यात. माझी दिवाळीची सुट्टी त्यात गेली. आईकडे जायचं राहिलं ते राहिलंच.

मागच्या दिवाळीनंतरच्या पहिल्या शनिवारी तुम्ही आलात. सकाळची वेळ होती, मुलं नुकतीच गेली होती. मी जर्नलं तपासत होते. तुम्ही खिशातून रुमालात गुंडाळलेली काच काढलीत, सूक्ष्मदर्शकावर लावलीत आणि म्हणालात, "मोज."

"कशाची आहे?"

"विचारायचं असतं का?"

नव्हतं विचारायचं. रजिस्टर उघडं होतं. पहिल्या रकान्यावर पट्टी चिकटवलेली होती. मी डोळा लावला.

कांदा नव्हता तो, हे लगेच कळलं. दवाखान्याच्या लॅबमध्ये देतात तसा गुलाबी-जांभळा रंग होता. गोल पेशी, दाटीवाटीने बसलेल्या, केंद्रकं वाट्टेल तशी फुगलेली. फिल्डमागून फिल्ड, कुठे दोन, कुठे तीन पेशी दोन व्हायच्या घाईत. आणि सातव्या फिल्डमध्ये ती एक. पुस्तकात पेशीतली गुणसूत्रं नेहमी दोन टोकांना ओढली जातात. हिच्यात ती तीन टोकांना निघाली होती. एकीच्या तीन व्हायला बसलेली पेशी. असली मी फक्त आकृतीत पाहिली होती.

"सर, हे बघा. तीन टोकं आहेत."

तुम्ही वाकून बघितलंत. बराच वेळ. "छान शे," म्हणालात.

मी मोबाइल भिंगावर धरून तिचा फोटो काढला. आणि तिथेच वर्गाच्या ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं, 'दुर्मिळ नमुना, परीक्षेत विचारू शकतात.' मुलांनी भराभर अंगठे टाकले. त्या ग्रुपवर तुम्हीही होतात. समोर बसून तुम्हीही अंगठा टाकलात.

मी दुसऱ्या रकान्यात तेवीस लिहिलं. पट्टी काढायला बोट पुढे केलं तर तुम्ही रजिस्टर ओढून घेतलंत. "राहू दे, नंतर काढतो. याचं बाइंडिंग सुटलंय, घरी नेऊन शिवतो." मग सहज विचारावं तसं विचारलंत, "काय वाटतं?"

मी पेनचं टोपण चावत होते. पुढचं जर्नल उघडलं होतं. मान वर न करता म्हटलं, "ज्याची असेल त्याचं काही खरं नाही, सर."

तुम्ही "हं" म्हणालात. काच रुमालात गुंडाळलीत. आपण चहा घेतला. मातृपेशीचा विषय त्या दिवशी तुम्ही काढला नाहीत, हे मला आत्ता आठवतंय. तेव्हा मला एवढंच वाटलं, की चला, आज लवकर सुटले.

त्यानंतर तुम्ही देवळ्याला राहायला गेलात. फोनवर म्हणालात, शहराचा कंटाळा आला, भावाला मदत करतो. कांद्याच्या रोपांचे फोटो पाठवलेत. फेब्रुवारीत प्रात्यक्षिकासाठी एका माणसाबरोबर पिशवीभर कांदे धाडलेत, वर चिठ्ठी, 'मुळं सकाळी साडेआठच्या आत कापणे.' जसं काही मला माहीत नाही. मी दोनदा भेटायला येते म्हटलं. एकदा म्हणालात, कांद्याची लागण चालू आहे, घरात बसायला जागा नाही. एकदा म्हणालात, मीच येतोय. आवाज बारीक झाला होता. मी विचारलं तर म्हणालात, रेंज नाही. आणि मी मान्य केलं. पेशीच्या सावलीवरून तिचं काय चाललंय ते सांगणारी बाई मी, आणि तुमच्या आवाजावरून मला काही कळलं नाही. शेवटी कळलं ते त्याच ग्रुपवर, एका मुलाच्या मेसेजवरून. त्यालाही मुलांनी हात जोडल्याची चित्रं टाकली होती.

दशक्रिया झाल्यावर काकूंनी मला तुमच्या सिडकोतल्या घरी बोलावलं. घर बरेच महिने बंद होतं, त्या झाडलोट करत होत्या. मला खुर्चीवर बसवलं आणि एक कापडी पिशवी दिली. "तुझ्याच हाती द्यायची म्हणून सांगितलं होतं." पिशवीत रजिस्टर होतं, नीट शिवलेलं. सोबत रुमालात काच.

मी काच उजेडात धरली. रंगावरून ओळखली. कडेला लॅबचं लेबल होतं, त्यावर तुमचं नाव. त्या शनिवारी तुम्ही त्यावर कागद चिकटवून आणला होतात, त्याचा डिंक अजून तिथे होता.

"काकू, ही सरांची?"

"मग कोनाची? तुला बोलले नाय?" काकू केरसुणी टेकवून खाली बसल्या. "मुंबईचं सगळं ठरलं होतं गं. इथले डॉक्टर म्हणले, तिकडं परत तपासून घ्या, किरणांचा शेक घ्या, दोन-तीन वर्सं निघतील आरामात. तिकडं न्यायच्या म्हणूनच काचा आणल्या होत्या लॅबमधून. सोमवारची गाडी सांगितली होती. शनिवारी कॉलेजातून आले न् म्हणले, गाडीला नाय म्हणून सांग. म्हनलं, का? तर म्हणे, सुवर्णानं बघितलं. तिची नजर पक्की हाये. ती म्हणली, काही खरं नाय."

मी काच परत रुमालात ठेवली.

"म्या लय भांडले. भाऊ पन भांडले. तर मला म्हणले, किरण दिलेल्या कांद्यागत नुसतं राहून काय करू?" मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवून काकू म्हणाल्या, "तुझ्यावर लय भरवसा होता बाई त्यांचा."

त्या मला दोष देत नव्हत्या, सर. दोष दिला असता तर उलट उत्तर तरी देता आलं असतं. त्यांनी मला चहा दिला. मी प्यायले. बाहेर येऊन स्कूटी चालू करायला गेले तर किल्ली कुठे लावतात तेच सुचेना. नवऱ्याला फोन लावला. तो अंबडला कंपनीत, शिफ्टवर. म्हणाला, "तू डॉक्टर आहेस का? तुझ्या बोलण्यावर कोणी थांबतं का?" थांबलं ना एक जण.

तुम्ही मला फसवलंत. दुसरा शब्द मला सापडत नाही आणि शोधायचाही नाही. आंधळी मोजणी कांद्यासाठी असते, माणसासाठी नसते. मला खुर्चीवर बसवलंत, काय विचारताय ते सांगितलं नाहीत, आणि माझ्या तोंडून निघालं ते निकाल म्हणून घरी घेऊन गेलात. तुम्ही म्हणायला हवं होतंत, सुवर्णा, ही माझी आहे, बघ. मग मी खोटं बोलले असते. म्हटलं असतं, सर, एवढं काही नाही यात, मुंबईला दाखवू, मी येते सोबत. तुम्हाला तेच नको होतं, ते कळतंय मला. तुम्हाला मुलाहिजा न ठेवणारी नजर हवी होती, आणि ती तुम्हीच घडवली होती, साठ साठ स्लाइडी मोजायला लावून. पण मला खोटं बोलायचा हक्क होता, सर. तुमच्या बाबतीत होता. इतक्या वर्षांत मी तो एकदाही वापरला नव्हता.

आणि तरीही, हे लिहिताना मला लाज वाटते, पण काकूंनी 'तिची नजर पक्की हाये' म्हटलं तेव्हा क्षणभर मला बरं वाटलं होतं. तोंडावर तुम्ही कधी म्हणाला नाहीत ते. इतकी वर्षं ते ऐकायला मी तुमच्या मागेमागे होते. मिळालं ते असं.

काल ती पट्टी काढली. मुळं कापायच्या ब्लेडने, कडेकडेने, कागद फाटू न देता. खाली तुमच्या अक्षरात अकरा.

अकरा आणि तेवीस. बाराचा फरक. माणसाच्या गाठीत हा आकडा जितका कमी तितकी मुदत जास्त, हे तुम्हाला सांगायला नको. तिसरा रकाना कोरा.

मी रजिस्टर मिटून टेबलावर आपटलं. पट्टी दोघांच्या समोर काढायची, हा नियम कोणाचा? पाचच्या वर फरक गेला की तिसऱ्याने मोजायचं, हा कोणाचा? त्यापायी माझं माहेर चुकवलंत. मुंबई म्हणजे तिसरी मोजणीच होती ना, सर? गाडीसुद्धा ठरलेली होती. तुम्ही पहिला आकडा झाकून ठेवलात, दुसरा उचललात आणि तिसऱ्याच्या वाटेला गेला नाहीत. एखाद्या पोराने असं केलं असतं तर तुम्ही त्याचं जर्नल खिडकीबाहेर टाकलं असतंत.

आज सकाळी लवकर आले. मुलं नऊला येतात. तोच सूक्ष्मदर्शक पुसला, काच लावली, तुमचं नाव माझ्याकडे येईल अशी. डाव्या कोपऱ्यातून सुरुवात केली, दहा फिल्ड, त्या दिवशीसारखीच.

त्या दिवशी मी भराभर मोजत गेले होते. आज प्रत्येक पेशीपाशी अडले. ही खरंच दोन होतेय, की नुसतीच मरायला टेकली आहे म्हणून काळी दिसतेय? हिच्यात गुणसूत्रं सुटी दिसतात, की रंगच जास्त बसलाय? शंका आली तर सोडून द्यायची, हाही तुमचाच नियम. मी सोडत गेले. सोडता येत होती तेवढी प्रत्येक सोडली. सातव्या फिल्डमध्ये ती तीन टोकांची आली. डोळे पुसून पुन्हा बघितली. ती सोडता आली नाही. दहावं संपलं तेव्हा बोटावर बारा होते.

मग मला कळलं की तुम्हीही असंच मोजलं होतंत. एकटे बसून, एकेक सोडत. तुमचे अकरा म्हणजे चूक नव्हती. तुम्हाला जगायचं होतं, सर. तुम्हाला खूप जगायचं होतं, आणि ते तुम्ही माझ्यापासून एका कागदाच्या पट्टीखाली लपवलंत.

तिसऱ्या रकान्यात मी बारा लिहिलंय आणि खाली सही केलीय. ही मोजणी आंधळी नाही, मला माहीत आहे. तुम्ही असतात तर पान फाडून माझ्या हातात दिलं असतंत. पण नियमाप्रमाणे तीन आकडे झाले आहेत. अकरा आणि बारा जवळचे, ते धरायचे. लांबचा सोडायचा. माझ्या तेवीसवर मी लाल पेनने रेघ मारली आहे आणि समासात कारण लिहिलं आहे: 'दुसरी मोजणी बाद. मोजणाऱ्या व्यक्तीस स्लाइड कोणाची हे सांगितले नव्हते.'

तेव्हा सोमवारची गाडी रद्द करायचं काही कारण उरत नाही, सर.

सुवर्णा